पहिल्या भाकरीचा घास

गौरम्मा कलशेट्टीला तुम्ही ओळखत नसाल. पण सोलापुरातून कधी कडक भाकरीचा पुडा घरी नेला असेल, तर तिच्या बोटांचे ठसे तुमच्या ताटात येऊन गेले असण्याची बरीच शक्यता आहे. शेळगीत, रस्त्यापासून दोन बोळ आत, पत्र्याच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं भाकरी थापत आली. नवऱ्याची, प्रभुअण्णांची, गिरणी बंद पडली त्या वर्षी तिनं चूल मांडली, ती पुन्हा थंड झाली नाही. पातळ, तोडली की कटकन वाजणारी, महिनाभर न बिघडणारी भाकरी. दिवसाला दोनशे, लग्नसराईत तीनशे. हे काही एकट्या बाईचं काम नव्हे. थापायची गौरम्मा आणि भाजायची तिची धाकटी जाऊ ईरम्मा.

ईरम्मा म्हणजे प्रभुअण्णांच्या धाकट्या भावाची, बसूची, बायको. बसू बारा वर्षांमागं अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी मंगळवेढ्याला भाऊ होता, तो न्यायलाही आला होता, पण ईरम्मा गेली नाही. चुलीपुढची तिची जागा भरणारं दुसरं माणूस गावात नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि गौरम्मालाही. दोघींच्या स्वभावाला मात्र कुठंच मेळ नव्हता. गौरम्मा तोंडाची फटकळ, पिठाच्या गिरणीवाल्यापासून गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची. ईरम्मा दिवसात मोजून वीस वाक्यं बोलायची, त्यातली निम्मी तव्याशी.

तव्यावरची पहिली भाकरी विकायची नाही, हा त्या शेडचा कायदा होता. तवा अजून सगळीकडून सारखा तापलेला नसतो, त्यामुळं पहिली भाकरी एका अंगानं मऊ राहते. तिला गिऱ्हाईक नाही. ती या दोघींची न्याहारी. पण गौरम्माचे हात तेव्हा मनगटापर्यंत पिठात असायचे. हात धुवायचे, खायचं, पुन्हा पिठाला बसायचं, म्हणजे तोवर तवा नुसता जळायचा. म्हणून ईरम्मा ती भाकरी मोडायची, शेंगाच्या चटणीवर तेल सोडून घास करायची, आणि गौरम्मा काठवटीतून हात न काढता नुसतं तोंड उघडायची. एक घास अक्काच्या तोंडात, एक आपल्या. "माज्या आईनं भरवलं नसंल इतकं ह्या पोरीनं भरवलंय मला," असं गौरम्मा गल्लीभर सांगायची. हे लक्षात असू द्या, कारण पुढं सगळं याच घासावर येऊन अडलं.

एका दिवाळीनंतर गल्लीत तापाची साथ आली. गौरम्मालाही चार दिवस ताप आला, जुलाब झाले, आणि उतारही पडला. ती काठवटीवर येऊन बसली. आठवड्याभरात तिच्या ध्यानात आलं, की दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय, पंगतीतून उठल्यासारखं. आधी तिनं थट्टा केली. "भाकरीचा वास घिऊन घिऊनच पोट भरायलंय माजं." मग मळमळ सुरू झाली, मग ओकाऱ्या. आणि ओकारीत पडायचं ते आजचं नव्हे. काल रात्रीचं वांगं, काल सकाळचे शेंगदाणे, कोथिंबिरीचं पान तर नुकतंच निवडल्यासारखं हिरवं. आठ-आठ दिवस शौचाला होईना. तोंड इतकं कोरडं, की बोलताना जीभ टाळूला चिकटायची. गौरम्मा कमी बोलायला लागली, हे गल्लीला सगळ्यात आधी जाणवलं.

पहिल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, पोट स्वच्छ. सोनोग्राफी, तीही स्वच्छ. गाठ नाही, जखम नाही, कुठं काही अडलेलं नाही. मग त्यांनी गौरम्माच्या देखत प्रभुअण्णांना विचारलं, "मिसेस घरात फार टेन्शन घेतात का?" पोटात काही सापडलं नाही की आजार डोक्यात आहे असं म्हणायचं, ही आपल्याकडची फार जुनी सोय आहे. बाई असली की तर विचारूच नका. टेन्शनच्या गोळ्या सुरू झाल्या. एकसष्ट किलोची गौरम्मा फेब्रुवारी संपेपर्यंत सेहेचाळीसवर आली.

त्याच महिन्यातली एक दुपार. चुलीची धग, वर तापलेला पत्रा. ईरम्माचा पदर घामानं भिजून पाठीला चिकटलेला. तिनं सहज वर पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"अक्का, तुमाला घाम कसा येईना की?"

गौरम्माचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं. "अंगात काय राहिलंय म्हनून घाम येईल?" ती म्हणाली.

ईरम्मानं तिच्या मानेला हात लावून पाहिला. मान तापलेली, पण ओल नाही. संध्याकाळी तिनं प्रभुअण्णांना सांगितलं, "भावजी, अक्काला घाम येत न्हाय. डाक्टरला येवडं सांगा." प्रभुअण्णा हो म्हणाले आणि दवाखान्यात गेल्यावर त्यांना ते सांगायची लाज वाटली. घाम न येणं हा काय आजार आहे? लोक तर त्यासाठी पंखा विकत घेतात.

समोर तानाबाई भाजी विकायची. मनानं वाईट नव्हती. फक्त जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर तिच्याकडं तयार असायचं. तिनं एक दिवस गौरम्माला बोळात ओकताना पाहिलं, पुढं येऊन नीट वाकून बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"कालचं खाल्लेलं आज अख्खं? गौराक्का, ह्ये पित्त न्हवं. मद्दू हाय ह्ये."

अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावांत हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक असतो. कुणीतरी दावा धरून अन्नातून काही घालतं, ते पोटात चिकटून बसतं, खाल्लेलं पुढं सरकू देत नाही आणि माणूस वाळत जातो, असं तिकडं मानतात. ते ओकून काढून देणारेही असतात. गौरम्माचं माहेर त्याच भागातलं. लहानपणी तिनं अशा गोष्टी आजीच्या मांडीवर ऐकल्या होत्या आणि मोठेपणी हसण्यावारी नेल्या होत्या. पण आता हसायला अंगात त्राण नव्हतं. प्रभुअण्णा म्हणाले, "जाऊन बघ. बुडत्याला काडीचा आधार."

मंगळवारी तानाबाईनं तिला एसटीनं आणि पुढं जीपनं सीमेपल्याडच्या एका खेड्यात नेलं. तो माणूस चाळिशीतला, पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशात मोबाइल. त्यानं हिरवा काढा पाजला, बेंबीच्या वर अंगठा दाबला आणि पुढं परात सरकवली. गौरम्मा ओकली. आतडी बाहेर येतील असं वाटेपर्यंत ओकली. त्यानं परातीत हात घातला आणि चिंचोक्याएवढा, केस गुंडाळलेला एक गोळा काढून तिच्या तळहातावर ठेवला. गोळा कोरडा होता. तिच्या हाताला ते कळलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही.

मग त्यानं कानडीत शांतपणे विचारलं, "तुला हातानं कोण भरवतं?"

गौरम्माला पहिल्या भाकरीचा घास आठवला. त्यानं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. प्रश्न असा टाकायचा, की उत्तर आजाऱ्याच्या घरातूनच चालत यावं, एवढी विद्या त्याला पुरत होती. तानाबाईनं मात्र तोंडावर पदर धरला आणि ती हळूच म्हणाली, "अगं बया."

दुसऱ्या दिवशी पहिली भाकरी तव्यावरून उतरली. ईरम्मानं घास पुढं केला. गौरम्मानं तोंड फिरवलं. मळमळत असेल असं समजून ईरम्मानं तो ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ईरम्मा काकुळतीला आली. "येक तरी घ्या की अक्का. बगवत न्हाय मला."

"काय घातलंस त्यात?"

शेडच्या दारात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि तानाबाई होती. ईरम्माला वाटलं, चटणीबद्दल विचारतात. ती म्हणाली, "शेंगाच हायत, अन् लसूण."

"बावीस वर्सं काय घातलंस म्हनून इचारायलेय मी! नवरा गेला, पोर न्हाय, आता म्या मेले की घर तुलाच की! आं?"

ईरम्माच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिथं काहीच आलं नाही. हातातला घास तिनं आपल्या तोंडात घातला, उभ्यानंच चावला आणि गिळला. दारातली माणसं तिचा गळा हलताना बघत होती. मग तिनं तवा उतरवला, निखाऱ्यांवर राख ओढली आणि आत गेली.

संध्याकाळी ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा प्रभुअण्णा वाटेत आडवे झाले. "ईरम्मा, आजारी मानूस हाय ती. मनावर घिऊ नको."

"आजारी हायत म्हनूनच चाल्ले, भावजी. माज्या हातचं खात न्हाइत, अन् मी हितं हाय तवर दुसऱ्याचं बी त्यांच्या घशाखाली उतरायचं न्हाय."

मंगळवेढ्याची गाडी तिला लगेच मिळाली. बारा वर्षांपूर्वी जे माहेर तिनं नाकारलं होतं, तिथं ती पन्नाशीला टेकताना गेली.

मद्दू निघाला, जाऊ निघाली, ओकारी मात्र कुठं गेली नाही. शेडमध्ये दोन बायका बदलून पाहिल्या. एकीनं भाकऱ्या करपवल्या, दुसरी अर्ध्या दिवसात निघून गेली. मे महिन्यात गौरम्मा काठवटीवरून उठली आणि उभ्या जागी कोसळली. तेव्हा तिचं वजन एकोणचाळीस होतं. प्रभुअण्णांनी तिला रिक्षात घातलं आणि या वेळी वेगळ्या दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टर वैजयंती म्हणून होत्या. वय पस्तिशीच्या आत, बोलणं झटपट. त्यांनी रिपोर्टांची जाड फाइल बाजूला ठेवली आणि खाटेवर बसून आधी माणूस बघितलं. झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. तो चाळीसनं खाली आला. डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुली आळसटल्यासारखी, लवकर आकसेना. जीभ बघितली. कानामागं पांढरा डाग दिसला, तो कधीपासून ते विचारलं. थायरॉईडची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे, हे लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "घाम येतो का?"

गौरम्मानं झटकन वर पाहिलं.

"का हो? आधी कुणी विचारलं होतं का हे?"

"माज्या जावंनं," गौरम्मा म्हणाली. "म्हायन्यांमागं."

"अरे वा. सगळ्या डॉक्टरांच्या आधी तिनं पकडलं की. कुठं आहे ती? बोलवा तिला, मला तिच्याकडून नीट सगळं ऐकायचंय."

प्रभुअण्णांनी खिडकीबाहेर नजर लावली. गौरम्मानं मान खाली घातली. पण मद्दूवरचा तिचा विश्वास अजून पुरता हलला नव्हता. घाम बघितला म्हणून काय झालं? घालणारीच जास्त बारकाईनं बघते, असंही मन सांगतच होतं. मनाला एकदा खोड लागली की ते वकिलासारखं दोन्हीकडून बोलतं.

डॉक्टरांनी कागदावर एक पिशवी काढली. "हे तुमचं पोट. ही नुसती पिशवी नाही. ती घुसळते आणि खाल्लेलं पुढं ढकलते. आतापर्यंत सगळ्यांनी पोटात काय आहे ते पाहिलं. पोट हलतं का, ते कुणी पाहिलंच नाही."

त्या तपासणीसाठी पुण्याला जावं लागलं. सकाळी उपाशीपोटी एका थंड खोलीत तिच्यापुढं बशी आली. बशीत इडली. इडलीत किंचित किरणांचं औषध मिसळलेलं, म्हणजे ती पोटात कुठवर गेली ते कॅमेऱ्यात दिसावं. दहा मिनिटांत संपवायची होती. गौरम्मानं पाणी पीत, डोळे मिटून, आपल्या हातानं ती संपवली. लगेच फोटो घेतला. तासानं एक, दोन तासांनी एक. मधल्या वेळात ती आणि प्रभुअण्णा बाकावर बसून राहिले. चार तासांनी शेवटचा.

तिथल्या मुलीनं प्रभुअण्णांना पडदा दाखवला, आणि गौरम्मा मागून येऊन उभी राहिली. काळ्या पडद्यावर एक पांढरा ढग होता. सकाळच्या फोटोत जिथं होता, तिथंच.

"एव्हाना दहातला एखादाच भाग राहायला पाहिजे होता," ती मुलगी म्हणाली. "यांच्यात सात भाग अजून पोटातच आहेत."

"कशाचे?" गौरम्मानं विचारलं.

"सकाळच्या इडलीचे, मावशी."

गौरम्मानं पडद्याला बोट लावलं. कुणी तिला अडवलं नाही. ही इडली पुण्यातली. करणारा कोण, ते तिला माहीत नाही. तिनं ती आपल्या हातानं खाल्ली. ना ईरम्मा, ना चटणी, ना बावीस वर्षं. तरी ती तिथंच बसून होती, ईरम्माच्या भाकरीसारखीच. आणि त्या क्षणी तळहाताला आठवलं, की तो गोळा कोरडा होता. परातभर ओकारी ओली अन् त्यातनं निघालेला गोळा कोरडा! तिच्या पोटातून तो निघालाच नव्हता. त्या इस्त्रीच्या बाहीतून निघाला होता.

"अवो," ती प्रभुअण्णांना म्हणाली, "म्या काय केलं ह्ये?"

तिला ओरडून रडायचं होतं. तोंड वेडंवाकडं झालं, छाती हलली, पण डोळ्यांतून टिपूस येईना. घामासारखं डोळ्यांतलं पाणीही आजारानं बंद करून टाकलं होतं. ती मुलगी घाबरली, तिला वाटलं बाईला झटका आला.

रक्त तपासायला लांबच्या प्रयोगशाळेत गेलं आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मधल्या काळात डॉक्टर वैजयंतींनी छातीचा स्कॅनही करून घेतला, कारण असा आजार कधी कधी लपलेल्या कॅन्सरच्या पाठीमागून येतो. तो निघाला नाही. रक्तात मात्र जे शोधत होते ते सापडलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी राखण असते. तुम्हाला दिवाळीनंतर ताप आला, ती राखण खवळली. जंतू गेले, पण ती शांत झाली नाही. पोटाला हलवणाऱ्या, घाम आणणाऱ्या, रक्तदाब सांभाळणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांनाच ती शत्रू समजून बसली. बहुतेक तापानंतरच हे झालं असावं. तुमच्या अंगाचा कल तसा आधीपासून होता; तो पांढरा डाग, थायरॉईड, ही त्याचीच भावंडं."

"म्हंजे भायेरनं कुनी काय..."

"बाहेरून कुणी काही केलेलं नाही. घरच्या राखणदारानं घरच्याच माणसाला चोर समजून बडवावं, तसं झालंय."

गौरम्मा खुर्चीत आक्रसली. डॉक्टर बोलत होत्या त्या नसांबद्दल. पण तिला शेडचं दार दिसलं, दारातली माणसं दिसली, आणि उभ्यानं घास चावणारी ईरम्मा दिसली. "माज्या अंगानं केलं त्येच म्या केलं," ती पुटपुटली. डॉक्टरांना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

पहिले तीन दिवस रोज, मग आठवड्याला एक, असं बारा आठवडे शिरेतून स्टेरॉईडचं औषध ठरलं. ते खवळलेल्या राखणीला खाली बसवतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हे औषध म्हणजेसुद्धा एक तपासणी आहे. गुण आला तर निदान पक्कं. नाही आला तर दुसरं औषध बघू. खोटी आशा देणार नाही." जेवणाआधी घ्यायची एक गोळी दिली. साखर तपासत राहायला सांगितली. खाणं थोडं, पातळ, दिवसातून सहा वेळा.

तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी गौरम्माला पोटात काहीतरी कुरतडल्यासारखं झालं आणि ती घाबरून उठली. हा कुठला नवा त्रास? मग कळलं, ही भूक आहे. सात-आठ महिन्यांत तिची ओळखच बुजली होती. तिनं वाटीभर आंबील प्यायली आणि ती पोटातच राहिली. सातव्या आठवड्यात ती चुलीजवळ भांडं उतरवायला गेली आणि तिच्या वरच्या ओठाला काहीतरी खारट लागलं. बोट लावून पाहिलं. घाम होता. ती आनंदानं वळून सांगायला गेली, "ईरे, बग की," आणि चुलीपुढं कुणीच नव्हतं.

त्या दिवशी तिच्या डोळ्यांना पहिल्यांदा पाणी आलं. मग ते तासभर थांबलं नाही.

बारा आठवड्यांनी पुन्हा पुणे, पुन्हा इडली. या खेपेला चार तासांनी दहातला जेमतेम दीड भाग उरला होता. डॉक्टर वैजयंतींना टेबलावर थाप मारायचा मोह आवरला नाही. औषध आता हळूहळू कमी करायचं, पण लक्ष ठेवायचं, आजार परतू शकतो, असं त्या म्हणाल्या. मग हसून त्यांनी विचारलं, "आणि त्या जाऊबाई? आणल्याच नाहीत तुम्ही." गौरम्मा म्हणाली, "आनायलाच चाल्ले."

मंगळवेढ्यात ईरम्मा भावाच्या अंगणात ज्वारीचं बियाणं चाळत होती. पेरणीचे दिवस आले होते. गौरम्मा आणि प्रभुअण्णांना बघून ती उठली, आत गेली, तांब्या भरून पाणी आणलं. गौरम्मानं तांब्या खाली ठेवला आणि सगळ्या अंगणादेखत ती वाकली. ईरम्मा दोन पावलं मागं सरली.

"थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडू न्हाय, अक्का. मला आनि पाप लावू नका. आदीच लई लागलंय."

गौरम्मा तशीच अर्धवट वाकलेली राहिली. तिनं वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं, इडलीचं, कोरड्या गोळ्याचं, राखणदाराचं, तसंच सांगून टाकलं. नसांचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं. चुकले, असं तीनदा म्हणाली. शेवटी ईरम्मानं एवढंच विचारलं, "घाम येतो आता?"

गौरम्मानं मान हलवली.

"बरं झालं," ईरम्मा म्हणाली आणि भावाकडं वळली. "दिवाळीच्या आर्डरी आल्या असतील. जाते मी."

सोलापूरपर्यंत एसटीत तिघं एका बाकावर बसले. गौरम्माला वाटलं, सुटलं. परत आली म्हणजे सगळं परत आलं. दुसऱ्या दिवशी तिनं तानाबाईला ऐकू जाईल असं बोळात उभं राहून सांगितलं, की ईरम्माचा काही दोष नव्हता, दोष माझ्याच अंगाचा होता. तानाबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत म्हणाली, "मी आपलं तुज्या चांगल्यासाटी म्हनलं की." मग तिनं दोन जुड्या फुकट दिल्या.

पुढच्या सकाळी सहाला चूल पेटली. गौरम्मानं पीठ मळलं. पहिली भाकरी गोल उतरली. ईरम्मानं ती तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. तोच आवाज, तोच वास. पहिली भाकरी खाली आली. एका अंगानं मऊ, नेहमीसारखी. ईरम्मानं ती मोडली, चटणीवर तेल सोडलं. गौरम्माचे हात मनगटापर्यंत पिठात होते. तिनं सवयीनं तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. तिनं वर पाहिलं. ईरम्मानं ताट तिच्यापुढं ठेवलं होतं आणि हातात पाण्याचा तांब्या धरला होता.

"हात धुवा अक्का. आपल्या हातानं खावा."

गौरम्मानं हात पुढं केले, ईरम्मानं पाणी घातलं, पीठ धुऊन गेलं. गौरम्मानं घास केला. आधी तेल, मग चटणी, जसा ईरम्मा करायची तसा. आणि तो आपल्या तोंडात न घालता चुलीपलीकडं ईरम्माच्या ओठांपर्यंत नेला.

ईरम्मानं तोंड उघडलं नाही. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. ती म्हणाली, "मी खाल्ला अन् उद्या माजं पोट दुकलं, तर कुनाचं नाव घिऊ, अक्का?"

गौरम्माचा हात तिथंच राहिला. तव्यावर दुसरी भाकरी होती, ती करपायला लागली. धूर आला तशी ईरम्मानं उलथन्यानं ती काढून बाजूला टाकली आणि तवा फडक्यानं पुसला.

"थापा आता. दोनशे हायत."

गौरम्मानं तो घास आपल्या तोंडात घातला. चावला, गिळला. तो खाली गेला, पोटात थांबला नाही, पुढं सरकला. डॉक्टरांना बरं करता आलं होतं ते एवढंच. मग तिनं पुन्हा पिठात हात घातले.